वास पाहणारे दौलतजी

दौलतजी रंगारी कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे बघायच्या आधी छताकडे बघत. मग खिडकीकडे, मग दाराच्या फटीकडे. घरच्या बाईला वाटायचं, हे जळमटं शोधतायत. ती ओशाळून म्हणायची, "झाडायचं राहिलंय हो." दौलतजींचं तिकडे लक्षच नसे. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा त्यांच्या उजव्या कानावर पांढऱ्या सुताचा वीतभर तुकडा असे. तो काढून दोन बोटांत धरायचा, हात उंच करायचा आणि सूत कुठल्या बाजूला झुकतं ते बघत उभं राहायचं. घरमालक आपला "बसा ना, बसा ना" म्हणत असे. सूत एकदाचं स्थिरावलं की दौलतजी खूश होऊन सांगत, "तुमच्या घरातली हवा त्या कोपऱ्यात जाऊन बसते, बाप्पा. तिले उठवा." आणि मग नमस्कार करत.

पुलगावच्या कापड गिरणीत त्यांनी तीस वर्षं काढली, तीही सगळी ओलाव्याच्या खात्यात. असं काही खातं असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्या साताऱ्याकडच्या उन्हाळ्याला मी उन्हाळा समजत होते. पुलगावचा मे महिना बघितला आणि ते खातं का लागतं तेही कळलं. हवा कोरडी पडली की मागावर सूत तटातट तुटतं. म्हणून गिरणीत हवेत पाणी सोडतात, धुक्यासारखं. पण एक थेंब जरी खाली पडला तरी कापडावर डाग. "पानी हवेत गेलं पायजे, कापडावर नाई," असं दौलतजी सांगत, आणि सांगताना बोटं अशी हलवत की जणू ते धुकं अजून त्यांच्या हातातून सुटतंय.

मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांची गिरणी सुटली होती आणि ते वासाच्या पेट्या बनवत होते. पेटी म्हणजे बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून केलेली, अर्ध्या विटेएवढी, पांढऱ्या रंगाची. आत काचेची बाटली, बाटलीच्या बुचातून वर आलेली वात, बाटलीत वाळ्याचं नाहीतर केवड्याचं पाणी. पेटीच्या तळाशी बारीक झरोके, तिथून हवा आत शिरायची, वातीला लागून वरच्या तिरप्या झरोक्यांतून बाहेर पडायची. वर एक फिरती चकती, कमी-जास्त करायला. वीज नाही, जाळ नाही, धूर नाही. उदबत्तीचं नाव काढलं तरी ते तोंड वाकडं करत. "राख खाली, धूर वर, आन् भिंत काळी. मंग वास कायले पायजे?"

सारं गाव त्या पेटीला 'दौलतजीचा डब्बा' म्हणत असे. ते दर वेळी सुधारत, "डब्बा नाई, पेटी." समोरचा म्हणे, "तेच ते, डब्बा."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुलगावला आलो. आमचे हे दारूगोळ्याच्या डेपोत हमालीवर लागले होते. मी पाचवीत शाळा सोडलेली, घाटाखाली कधी न उतरलेली. दीड दिवस रेल्वेत बसून उतरले ते असल्या मुलखात की घरमालकीण "येजो बरं", म्हणजे "ये हं", म्हणाली तर मला वाटलं रागावली. दिवसभर खोलीत बसून मी हेच घोकायची की आपल्याला इथलं काही येत नाही आणि एक दिवस हे सगळ्यांच्या लक्षात येणार.

एके दिवशी दौलतजी घरमालकिणीच्या गळक्या बंबाला डाख द्यायला आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी पिशवी माझ्याजवळ ठेवली आणि माझ्या तोंडून न विचारता निघून गेलं, "काका, पिशवीत केवडा सांडलाय."

"कोन म्हणते?"

"वास येतोय. मिरच्यांवर सांडलाय."

त्यांनी पिशवी उपडी केली. बाटलीचं बूच ढिलं झालं होतं आणि पावशेर सुक्या मिरच्या केवड्यात भिजल्या होत्या. त्यांनी मिरच्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत मिरच्यांकडे.

"आखीन काय हाय पिशवीत? न पाहता सांग."

"नवसागर. आणि शिळी भाकरी."

"सकाळची हाय. शिळी नाई." ते गंभीरपणे म्हणाले. घरमालकीण खो खो हसायला लागली. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सातारकरीण बाई, तुह्या नाकाले माह्याकडे काम आहे. उद्या येजो."

आमच्या ह्यांना वाटलं कुणीतरी फसवतंय. वास घ्यायची नोकरी कधी कुणी ऐकली आहे? तरी मी गेले. गेल्या गेल्या, पुढे लाज नको म्हणून, सांगून टाकलं की माझी शाळा पाचवीपर्यंतच झालीय. दौलतजी पत्र्याला कैची लावत होते. मान वर न करता म्हणाले, "अन् तुह्यं नाक कितवी पास आहे?"

त्यांची काम करायची रीत दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही. खोलीत दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या. त्यांवर कोऱ्या सुताचे आठ तुकडे लोंबत सोडायचे: काही दाराशी, काही खिडकीशी, काही वर, काही जमिनीला टेकतील असे. मधल्या भिंतीवर पेटी. पेटीखाली पांढरा कागद. तास झाला की सुतं काढून आणायची. सूत वास धरून ठेवतं. मी डोळे मिटून एकेक सूत नाकाशी न्यायचं आणि सांगायचं: जास्त, बेताचा, नाही. ते पाटीवर लिहून घेत. कुठलं सूत कुठलं हे कळावं म्हणून त्यांना गाठी मारलेल्या असत, दाराच्या सुताला एक, खिडकीच्या सुताला दोन, असं. पेटीशेजारच्या सुताला 'जास्त' आणि दाराच्या सुताला 'नाही' आलं की झरोके पुन्हा ठोकायचे, तिरपेपणा बदलायचा, पुन्हा तास. "आठही सुतानं एकच जबाब दिला पायजे," ते म्हणत. शेवटी कागद उजेडाला धरायचा. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी तेलकट ठिपका दिसला तरी सगळी पेटी मोडीत. मला वाईट वाटायचं, इतक्या मेहनतीनं केलेली. ते म्हणत, "थेंब पडला म्हणजे ते पेटीनं केलं नाई, मी केलं."

उन्हाळ्यात बाटली चार दिवसांत कोरडी व्हायची आणि श्रावणात तीच बाटली महिनाभर तशीच. म्हणून चकतीवर त्यांनी दोन खुणा कोरल्या, एक सूर्य आणि एक छत्री. छत्री मला वांग्यासारखी दिसायची. तसं मी एकदा बोलले. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाले, "वांग्याचेच दिवस असते ते. चालते."

वर्ध्याला एक कापडवाले शेठजी होते. आधी ते दुकानात हातपंपानं गुलाबपाणी फवारायचे. एका रेशमी शालूवर थेंब उडाले, डाग पडला, तेव्हा कुणीतरी त्यांना दौलतजींचं नाव सांगितलं. दौलतजींनी दोन पेट्या लावल्या. आठवड्यानं शेठजींचा निरोप, बाटल्या रिकाम्या. आम्ही गेलो तर चकत्या सताड उघड्या आणि दुकानात उभं राहवेना.

"शेठजी, हे काय केलं?"

"अरे भाई, वास पैसे देऊन घेतला तर यायला नको?"

"गिऱ्हाईक कापड घ्याले येते का अत्तर घ्याले?"

"दोन्ही घेऊ दे की!"

दौलतजींनी स्टुलावर चढून दोन्ही पेट्या उतरवल्या, तिथंच पायरीवर बसून स्टोव्ह पेटवला आणि चकतीच्या कडेला डाखाचा एवढासा उंचवटा बसवला, म्हणजे चकती पाव भागाच्या पलीकडे फिरूच नये. शेठजींनी फिरवून बघितली, अडली. "हे बंद पडलं की!" दौलतजी म्हणाले, "नाई. हे तुमच्यापासून वाचलं." मला वाटलं आता शेठजी हाकलतात. ते इतके हसले की गादीवर आडवे झाले. तिथून पुढे दर वर्षी दसऱ्याला त्यांच्याकडून मिठाईचा पुडा यायचा.

घरमालकीण मला टोमणे मारायची, "काय वं सातारकरीण, नाकाचा पगार भेटून राह्यला म्हणे?" एकदा हळूच विचारलं, "तिथं त्याईच्या हातचा चहा घेतं काय तू?" दौलतजी बौद्ध. मी म्हटलं, "घेते. आलं जास्त घालतात." तिनं माझा हंडा आपल्या हंड्यांपासून दोन हात लांब ठेवायला लावला. आठ दिवसांनी स्वतःच विसरून माझ्या हंड्यातलं पाणी पिऊन गेली.

दोन-तीन महिन्यांनी मला एक गोष्ट कळली. दुपारी दौलतजी भाकरी तव्यावर टाकून मला झरोक्याचं काही समजावत होते. भाकरी करपायला लागली. मला वाटलं आता उठतील. धूर दिसेस्तोवर ते बोलतच राहिले. मी धावत जाऊन तवा उतरवला.

"काका, तुम्हाला वास आला नाही?"

ते काळी भाकरी खरवडत बसले. मग म्हणाले, "नाई येत. गिरणीतल्या कापसाच्या भुसानं गेला म्हणते डॉक्टर. बारा वर्सं झाली. कोनाले सांगू नको. वासाच्या पेट्या बनवनारा आन् वास येत नाई, लोकं डब्बे अंगावर फेकतीन."

नोकरीला मला का ठेवलं ते त्या दिवशी समजलं. आणि त्याच दिवशी त्यांनी शेवंताबाईंबद्दल सांगितलं. त्यांची बायको. मांडीवर गळू झालं, ते चिघळत गेलं, वर्ध्याकडच्या एका दवाखान्यात जखमांच्या वॉर्डात ती तीन महिने होती आणि तिथूनच गेली.

"भेटाले येनारे दारातच उभे राहत," दौलतजी म्हणाले. "तोंडाले पदर, रुमाल. 'कसं हाय?' इचारत, आन् चालले. तिची सख्खी बहीन दारातून परत गेली. मी आपला कॉटवर बसून राहो तिच्यापाशी, मले कायचा वास? मले वास येत नाई, दिसते. लोकाईच्या तोंडावर दिसते. एक दिवस तिनं मले इचारलं, 'माह्या अंगाले वास येते काय वो?' मी म्हटलं, 'नाई.' ते खरं होतं. पन तिले वाटलं, मी मन राखून राह्यलो."

एवढं सांगून ते उठले आणि पेटीचा पत्रा मोजायला लागले.

त्या वॉर्डात आपली पेटी लागावी, भेटायला आलेलं माणूस दारातून आत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. शेठजींचं दुकान, वकिलाची बैठक, हे सगळं तिथवर पोचायचं म्हणून चाललं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते दवाखान्यात जाऊन विचारून येत. दोन वर्षांनी एका नव्या सिस्टरनं, धिप्पाड, कडक, अमरावतीकडच्या बाई होत्या, आठ पेट्या महिनाभर लावून बघायला होकार दिला. "पन काकाजी, एकच डाव. माह्या वॉर्डात खेळ नाई चालनार."

दौलतजींनी आधी चार दिवस पेटीचं नावच काढलं नाही. ते कानावरचं सूत घेऊन वॉर्डात वीस कॉटांमधून हिंडले. रुग्ण विचारत, "भाऊ, मापं घेता काय कफनाची?" ते म्हणत, "हवेची घेतो, बाप्पा. तुमचं माप मोठं हाय, पुरत नाई." त्यांना आढळलं की सकाळी हवा दारातून खिडकीकडे जाते आणि दुपारनंतर उलटी, खिडकीकडून दाराकडे. भेटीची वेळ चार ते सहा. म्हणजे सगळा वास नेमका त्याच वेळी दारात जमतो, आणि तिथंच पाहुणा उभा असतो. मलमपट्ट्या टाकायच्या बादल्या उघड्या होत्या. त्यांनी मोजमाप घेऊन त्यांना पायानं उघडणारी झाकणं करून दिली. "वासावर वास नाई टाकायचा. पहिले घान झाका, मंग पेटी."

वाळ्याचं पाणी ठरलं, अत्तर अगदी नावाला. खोकणारे रुग्ण होते, स्पिरिट चालणार नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या खोलीला सुताची वात पुरेना. जाड, बोटाएवढी वात पाहिजे, कापसाची.

"तुले वाती वळता येते काय?" त्यांनी विचारलं.

मला काय झालं म्हणून सांगू! मला येणारी एक गोष्ट कुणीतरी विचारली होती. माझ्या आईनं मला सहाव्या वर्षी वाती वळायला बसवलं होतं. मी म्हटलं, "दोन दिवसांत आणते." खोलीवर नेऊन, अंघोळ करून, पाटावर बसून चोवीस वाती वळल्या, एकीसारखी दुसरी. दौलतजींनी त्या हातात घेऊन अशा बघितल्या की मला रडू यायला लागलं. "गिरणीत असती त मिस्त्रीनं तुले खुर्ची देल्ली असती," म्हणाले.

श्रावण होता. त्याच दिवसांत मला जबर पडसं झालं. डोकं मडक्यासारखं, नाक पार बंद. आठही पेट्या लावून खोलीत शेवटची परीक्षा घ्यायची होती. मी सांगायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच: नाकासाठी ठेवलंय, नाकच नाही म्हटलं तर उद्यापासून कशाला बोलावतील? मी डोळे मिटून सुतं नाकाशी नेली. बोटांना गाठी लागत होत्या. एक गाठ दाराची, दोन खिडकीची. कुठलं सूत कुठलं ते मला कळत होतं. आठही वेळा म्हटलं, "बेताचा. चांगला येतोय." त्यांनी पाटीवर आठ वेळा तेच लिहिलं आणि पाटी भिंतीला टेकवून लांबून बघत राहिले, देव बसवल्यासारखे.

पेट्या सोमवारी लागल्या. गुरुवारी सिस्टरांनी बोलावलं.

आम्ही वॉर्डाच्या दारात पोचलो तर भेटीची वेळ, बाहेर दहा-बारा माणसं आणि सगळ्यांच्या नाकाला रुमाल. आधी होते त्याहून जास्त. दौलतजी जागच्या जागी थांबले. त्यांना दिसलं.

सिस्टर बाहेर आल्या. "काकाजी, काय लावून ठेवलं हे? सडलेल्या दह्याचा वास येऊन राह्यला वॉर्डभर! तीन जनं उलट्या करून राह्यले. पहिलेचा वास बरा होता!"

"दह्याचा?" दौलतजी म्हणाले.

"तुमाले येत नाई काय हा वास? इथं उभं राहून येत नाई?"

मी त्यांच्या मागे, एका हातावर, उभी होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की वास बघायचं काम ह्या बाईकडे आहे. ते खरंही होतं. मी त्यांच्या पाठीआडच राहिले.

दौलतजी म्हणाले, "नाई. मले वास येत नाई. चौदा वर्सं झाली."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी फिसकन हसलं. एक जण म्हणाला, "मंग कायले करता बाप्पा हा धंदा? आंधळ्यानं चश्मे इकल्यासारखं!" सगळेच हसले. सिस्टर हसल्या नाहीत, त्यांनी फक्त "काढा ते" म्हटलं. दौलतजींनी स्टूल मागितलं, आठही पेट्या उतरवल्या, प्रत्येक खिळा काढून खिळ्याच्या जागेवर ओलं फडकं फिरवलं. भिंतीवर कुठं डाग नव्हता. खाली उतरल्यावर त्यांनी तेवढं बघून घेतलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी, पेट्यांचं गाठोडं मांडीवर. वर्धा मागे पडलं. देवळीच्या आधी मी म्हटलं, "काका, माझं नाक बंद होतं. परीक्षेच्या दिवशी. गाठी चाचपून सांगितलं मी."

बस देवळीला थांबली, माणसं उतरली, चढली, बस निघाली, तेव्हा ते बोलले.

"काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही काढून टाकाल म्हणून."

ते बाहेर बघत म्हणाले, "मी तरी चौदा वर्सं काऊन नाई सांगितलं कोनाले?" मग गाठोडं सावरत, "भेव एकच होतं दोघाईचं. तुह्यं चार दिवसाचं, माह्यं चौदा वर्साचं. मी कोनत्या तोंडानं तुले बोलू?"

पण दह्याचा वास आला कुठून हे कळेना. घरी येऊन त्यांनी एक वात कैचीनं मधोमध चिरली. माझं नाक तोवर सुटलं होतं. वात नाकाशी नेली आणि मला घेरीच आली.

"दूध," मी म्हटलं. "काका, दूध आहे."

"वातीत दूध कायले?"

"बोटाला लावतात ना वळताना. कापूस सुटू नये म्हणून. देवाच्या वातीला लावतातच. ह्या जाड होत्या, म्हणून मी जास्त लावलं." आमच्याकडे कुठलीही वात तशीच वळतात, दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवाची वात लगेच जळून जाते, म्हणून दूध कधी नासलेलं कळत नाही. इथं ती श्रावणात चार दिवस पाण्यात उभी होती. परीक्षेच्या दिवशी माझं नाक उघडं असतं, तर सुतांवर दुधाचा वास कळलाच असता.

दौलतजी चिरलेली वात हातात धरून बसले. मग म्हणाले, "आमच्या घरी मेनबत्ती लावते, माय. मले कसं माहीत राहीन? आन् तुले कसं माहीत, का मले माहीत नाई?" आणि ते हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. मी रडत होते, मीही शेवटी हसले.

पण पेट्या त्यांनी कॉटखाली सरकवल्या. महिनाभर स्टोव्ह दुरुस्त करत बसले. कानावर सूत नव्हतं. मी काही बोलले की म्हणत, "सिस्टरनं एकच डाव म्हटलं होतं. झाला."

मग मी एकटीच वर्ध्याला गेले. असं कधी कुठं एकटी गेले नव्हते. सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिले. मी त्यांना दुधाचं सांगितलं, पडशाचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. "पेटी चुकली नाही, बाई. मी चुकले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी आले." सिस्टर पट्ट्या मोजत होत्या, मोजतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "त्या झाकनाईनं अर्धा वास तसाच गेला माह्या वॉर्डाचा, हे त्याईले सांगितलं काय कोनी?" मी नाही म्हटलं. "सांग. आन् दोन पेट्या आनजो म्हना. दोनच. मी स्वतः हुंगून पाहीन."

ह्या वेळी वाती मी सोड्यात उकळलेल्या कापसाच्या वळल्या, कोरड्या हातानं. एक महिना दोन, मग चार, मग आठ. त्या दिवसांपासून सकाळी मी आले की दौलतजींचा पहिला प्रश्न, "नाक कसं हाय?" आणि मी बंद म्हटलं की ते म्हणत, "मंग आज फक्त पत्रा कापू." गिऱ्हाइकांनाही ते आता आधीच सांगून टाकत, "मले वास येत नाई, बाईले येते. तिले इचारा." लोक मला विचारत आणि मी, पाचवी शिकलेली, वकिलांना आणि डॉक्टरांना सांगत असे.

आम्ही पुलगावला सात वर्षं होतो. मग ह्यांची बदली पुण्याकडे झाली. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या वाती बदलायच्या होत्या, म्हणून मी दौलतजींबरोबर शेवटची गेले. माझ्या जागी कोण हुंगणार हे ठरलं होतं, सिस्टरच आता चांगल्या तयार झाल्या होत्या. भेटीची वेळ होती. दारात कुणी उभं नव्हतं. आत कॉटाकॉटाशी माणसं बसली होती, एक म्हातारी लेकाच्या पायथ्याशी बसून शेंगा सोलत होती, एका कॉटवर तर तीन पाहुणे बसून रुग्णालाच अंग चोरायला लावत होते. मी वाती बदलल्या, दौलतजींनी चकत्या फिरवून बघितल्या. सहाच्या बसला अजून वेळ होता, पण मला घरी स्वयंपाक होता, म्हणून पाचची धरायची होती.

शेवटच्या कॉटवर एक म्हातारा होता, आंजीकडचा. त्याच्याकडे कुणी आलेलं नव्हतं. दौलतजी जवळून जात होते तर त्यानं त्यांचा सदरा धरला.

"भाऊ, तुमी कोनाकडं आले?"

दौलतजींनी इकडेतिकडे बघितलं. "कोनाकडंच नाई, बाप्पा."

"मंग बसा ना जराशीक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, तू हो पुढे. "पोचजो बरं," म्हणाले. मी वाकून नमस्कार करायचं मनात धरलं होतं, पुण्याला निघायच्या आधीचा; तो राहूनच गेला, कारण म्हातारा बोलायला लागला होता, कपाशीचं, बैलाचं, सुनेचं, सगळं एकदम. दारातून मी वळून बघितलं. दौलतजींनी स्टूल ओढून कॉटला भिडवलं होतं, कोपर म्हाताऱ्याच्या उशीजवळ टेकलं होतं, आणि ते विचारत होते, "मंग? बैल काय म्हने?"